ब्रेक ऑइलचा थेंब रंग का खातो, आणि खाल्लेला रंग परत कसा आणायचा

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की बऱ्याचदा एक कोडं समोर येतं. इंजिनाच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं काळं ऑइल माखलेलं असतं, पण ते पुसलं की खालचा रंग शाबूत. आणि हातभर अंतरावर, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप), जिथे जेमतेम दोन-चार थेंब ओघळले असतील, तिथे रंगाला सुरकुत्या, पापुद्रे, उघडा पत्रा आणि गंज. थेंब पडला तेव्हा मालकाने तो फडक्याने पुसलाही असेल. तरी रंग गेलाच.

यावर सल्ले भरपूर मिळतात आणि ते एकमेकांना छेद देतात. कोणी म्हणतं लगेच पॉलिश मारा, कोणी म्हणतं खरवडून पत्र्यापर्यंत जा, कोणी म्हणतं हात लावू नका, आपोआप बसेल. हे तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतात, हीच अडचण आहे. आपल्या गाडीला कुठला लागू पडेल हे ठरवायचं, तर रंग वाळतो तेव्हा नेमकं काय होतं इथून सुरुवात करावी लागते.

नुसता सुकलेला रंग आणि पक्का झालेला रंग

गाडीच्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे रंगाची बारीक भुकटी. दुसरी ती भुकटी पत्र्याला धरून ठेवणारी राळ. आणि तिसरं, हे मिश्रण फवारता येईल इतकं पातळ करणारं द्रावक, म्हणजे आपला थिनर. रंग मारल्यावर थिनर उडून जातो आणि राळ व रंगद्रव्य यांचा पातळ पापुद्रा मागे राहतो. इथपर्यंत सगळे रंग सारखेच.

काही रंगांचं काम इथेच संपतं. थिनर उडाला, पापुद्रा कडक झाला, बस्स. राळेच्या रेणूंमध्ये नवं नातं काही जुळत नाही, ते नुसते एकमेकांना चिकटून बसतात. अशा रंगाला लॅकर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात थिनर उडाल्यावर खरं काम सुरू होतं. राळेचे रेणू एकमेकांना रासायनिक गाठी मारतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. एनॅमलमध्ये ही गाठ हवेतल्या ऑक्सिजनमुळे किंवा कारखान्याच्या भट्टीतल्या उष्णतेमुळे बसते. टू-पॅक रंगात ती वेगळ्याने मिसळलेल्या हार्डनरमुळे बसते.

कच्ची वीट आणि भाजलेली वीट शेजारी ठेवा. दोन्ही हाताला कडकच लागतात. पावसात मात्र कच्च्या विटेचा पुन्हा चिखल होतो, भाजलेली नुसती भिजते. लॅकर ही कच्ची वीट आहे. ज्या थिनरने तो पातळ केला होता तो थिनर पन्नास वर्षांनी लावला, तरी तो पुन्हा विरघळतो. जुनं एनॅमल म्हणजे भट्टीतून निघालेली पण थोडी कमी भाजलेली वीट, आणि नीट मुरलेला टू-पॅक म्हणजे खणखणीत वाजणारी.

गाडीच्या वयावरून रंगाचा अंदाज बांधता येतो. ड्युपाँट कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ मध्ये आला आणि जनरल मोटर्सने तो सुरुवातीला आपल्या ओकलंड गाड्यांवर वापरला. त्याआधी ब्रशने वॉर्निशचे थर देत गाडी रंगवायला आठवडे लागायचे. लॅकरमुळे तेच काम फार लवकर उरकायला लागलं. १९३० च्या दशकापासून अल्किड एनॅमल पसरलं, १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ॲक्रिलिक लॅकर आला. रंगाचा थर वेगळा आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट वेगळा, ही आज सर्रास दिसणारी पद्धत १९८० च्या दशकात रुळली. पण हा नुसता अंदाजच. १९५२ ची गाडी १९९५ मध्ये कोणीतरी टू-पॅकने रंगवलेली असू शकते, आणि दारं एका रंगात, बॉनेट दुसऱ्या, असंही आढळतं.

मग ब्रेक ऑइलच इतकं वाईट का?

गॅरेजमध्ये त्याला ऑइल म्हणत असले, तरी नेहमीचं ब्रेक ऑइल तेलाच्या जातीचं नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ (हे डब्यावर लिहिलेले ब्रेक ऑइलच्या दर्जाचे क्रमांक) या तिन्ही प्रकारांत मुख्य घटक ग्लायकॉल इथर आणि त्यांची भावंडं असतात. डॉट ४ मध्ये त्यांच्या जोडीला बोरेट एस्टर असतात. ग्लायकॉल इथर हे कुटुंब रंगाच्या कारखान्याला अनोळखी नाही. लॅकर फार भरभर सुकून त्यावर धुकं धरू नये म्हणून त्यात जे संथ उडणारं द्रावक घालतात, त्यात याच कुटुंबातले सदस्य असतात. थोडक्यात, ब्रेक ऑइल सांडलं म्हणजे रंगावर एक अतिशय मंद थिनर सांडला.

घात होतो तो या मंदपणामुळे. साधा थिनर रंगावर पडला तर काही मिनिटांत निम्मा उडून जातो. ब्रेक ऑइल मात्र उडू नये असंच बनवलेलं असतं, कारण ब्रेक तापल्यावर ते उकळलं तर पेडल खाली बसतं. म्हणून ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. असा द्रव गार पत्र्यावर पडला की जागचा हलत नाही. तासन्‌तास, दिवसेंदिवस तिथेच बसून तो पापुद्र्यात झिरपत राहतो. राळ फुगते, मऊ होते. फुगलेल्या पापुद्र्याला आडवं पसरायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जातो. आपण पाहतो त्या सुरकुत्या याच. शेवटी पत्र्यावरची पकड सुटते.

टू-पॅकला हे लागत नाही असा एक समज आहे. नीट मुरलेला टू-पॅक बराच वेळ तग धरतो, हे खरं. पण आठवडाभर रोज एक थेंब त्याच जागी पडत राहिला तर तोही मऊ पडतो. पावडर कोटिंगही यातून सुटत नाही. आणि काही दिवसांपूर्वीच मारलेला टू-पॅक आतून अजून मुरत असतो, त्या काळात तो जवळपास लॅकरइतकाच नाजूक असतो.

या द्रवाचा एक गुण मात्र आपल्या कामाचा आहे. तो पाण्यात पूर्ण मिसळतो. याच गुणामुळे तो हवेतली ओल शोषतो (साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो) आणि म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलावा लागतो. आपल्याला इथे महत्त्वाचं एवढंच की पाण्याने तो धुऊन निघतो.

बाकीचे द्रव

पेट्रोलमध्ये टोल्युईन, झायलीन यांसारखी द्रावकं असतातच, आणि तीच थिनरमध्येही असतात. पण पेट्रोल लवकर उडतं. त्यामुळे टाकीच्या तोंडाखाली सहसा सुरकुत्या दिसत नाहीत, पिवळट ओघळ आणि मंदावलेली चकाकी दिसते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लॅकरवर पडलं तर अधिक काळजी घ्यावी. इथेनॉल नायट्रोसेल्युलोजच्या थिनरमध्येही वापरतात.

बॅटरीचं ॲसिड हे प्रकरण निराळं. त्यात साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त गंधकाम्ल असतं, बाकी पाणी. पाणी उडतं, आम्ल उडत नाही. उलट मागे राहिलेलं तीव्र होत जातं. ते रंगाबरोबर खालचा पत्राही खातं. आधी भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी फेस येणं थांबेपर्यंत, मग पुन्हा पाणी. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ द्यायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. वेळेवर धुतलं तर रंगाला फारसं काही होत नाही. पण ते गोड लागतं आणि विषारी असतं, म्हणून जमिनीवर साचलेलं कुत्र्या-मांजरांसाठी ठेवू नका. इंजिन ऑइल आणि गिअरचं ऑइल रंगाला जवळजवळ निरुपद्रवी. उपद्रव पुन्हा रंगवताना होतो, त्याबद्दल पुढे.

जुन्या सिट्रोएन गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डीएस या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांतला हायड्रॉलिकचा लाल द्रव ब्रेक ऑइलसारखाच ओल शोषणारा आणि रंग खाणारा होता. १९६० च्या दशकात त्याच्या जागी खनिज तेलापासून बनवलेला हिरवा द्रव आला, तो रंगाच्या बाबतीत गरीब. एकाच्या गाडीत दुसरा ओतला तर रबरी सील खराब होतात, त्यामुळे रंग वाचवायला म्हणून ही अदलाबदल करायला जाऊ नये.

सांडल्या सांडल्या

घाई करायची ती इथेच. ब्रेक ऑइल पडलेलं दिसलं की कोरड्या फडक्याने घासू नका. घासल्याने थेंब पसरतो, आणि पापुद्रा मऊ पडायला लागला असेल तर फडक्याबरोबर रंगही निघतो. शोषून घेणारा कागद वर नुसता ठेवा, उचला, टाकून द्या. लगेच पाणी ओता, आणि ओतत राहा. एक मग पुरत नाही; पाइपची मंद धार काही मिनिटं सोडा. नंतर गाडी धुण्याचा साबण घालून मऊ स्पंजने हलकेच धुवा आणि पुन्हा पाणी. जोराचा प्रेशर वॉशर वापरू नका, तो सैल झालेला पापुद्रा उचकटतो. मास्टर सिलिंडरजवळ धूत असाल तर ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते आधी बघा, नाहीतर रंग वाचवताना ब्रेकमध्ये पाणी जायचं.

पेट्रोल किंवा थिनर लावून ब्रेक ऑइल पुसायचा मोह होतो. आधीच फुगलेल्या पापुद्र्यावर दुसरं द्रावक घातलं की त्याचा शेवटच होतो.

पत्र्यांच्या जोडांकडे विशेष लक्ष द्या. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) आणि आतल्या मडगार्डचा जोड, बिजागरीची पट्टी, रबरी बुशखालची फट, इथे द्रव केशाकर्षणाने ओढला जातो. वरून जागा स्वच्छ दिसते आणि महिन्याभराने जोडाच्या कडेने रंग पुन्हा उचलायला लागतो. तिथे पाणी आत घालवून, मग दाबाच्या हवेने ते बाहेर काढून, असं दोन-तीनदा करावं लागतं.

आता थांबा

धुऊन झालं. रंग मऊ लागतोय, थोडा फुगलाय, चकाकी गेलीय. अशा वेळी बहुतेक लोक पॉलिशचा डबा उघडतात, आणि माझ्या मते जितके रंग ब्रेक ऑइलने जातात, त्यातले निदान काही तरी या घाईने जातात. मऊ पापुद्रा घासला की तो ओढला जातो, फाटतो. तोच पापुद्रा नुसता सोडून दिला तर आत शिरलेला द्रव हळूहळू बाहेर पडतो आणि रंग कित्येकदा पुन्हा कडक होऊन खाली बसतो. याला दिवस लागतात, लॅकरच्या बाबतीत आठवडेही. मधूनमधून पाण्याने धुवावं, गाडी कोरड्या हवेशीर जागी ठेवावी, सौम्य ऊन चालेल. हीट गन नको. ती फुगलेल्या पापुद्र्याचे फोड करते.

नखाने कडेला अगदी हलकं दाबून पाहा. खूण उमटत नसेल तेव्हा पुढचं काम.

रंग ओळखायची परीक्षा

वाट पाहताना रंग कोणत्या जातीचा आहे ते तपासता येतं. जागा अशी निवडा की जिथे कोणी पाहणार नाही: दाराच्या चौकटीची आतली बाजू, डिकीच्या झाकणाची खालची कड. पण ती जागा मूळ पॅनेलबरोबरच रंगवलेली हवी.

पांढऱ्या सुती कापडावर थोडं रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा जरा खरखरीत लेप) घेऊन घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. रंग लागला नाही तर बहुधा आहे. मग दुसऱ्या कापडाच्या टोकाला लॅकर थिनर लावून काही सेकंद टेकवा. रंग सरळ विरघळून कापडावर आला, तर लॅकर. लगेच विरघळला नाही पण मऊ पडला, सुरकुतला, तर एनॅमल. काहीच झालं नाही तर टू-पॅक किंवा पक्कं भाजलेलं एनॅमल.

जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. अलीकडच्या कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात. यंत्र ४०० किंवा ६०० दाखवत असेल तर तिथे आधी कोणीतरी रंग किंवा लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, चढवलेली आहे. चुंबकावर चालणारं साधं यंत्र पोलादी पत्र्यावरच चालतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीला वेगळं लागतं, फायबरच्या बॉडीवर ही दोन्ही निकामी.

नुकसान किती खोल?

डाग पडलाय, चकाकी गेलीय, पण पृष्ठभाग सपाट आहे: हे सगळ्यात सोपं. बारीक पॉलिशपासून सुरुवात करा, पुरत नसेल तरच कंपाउंड, आणि त्यानेही भागत नसेल तर २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून. क्लिअर कोट असेल तर तो सगळा मिळून ४०-५० मायक्रॉन असतो आणि त्यातले काहीच मायक्रॉन काढायची मुभा आहे, हे विसरू नका. कडा आणि पत्र्याच्या रेघांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे आधी टेप लावा. जुन्या चंदेरी किंवा इतर मेटॅलिक रंगावर क्लिअर कोट नसेल तर जपून. घासताना ॲल्युमिनियमचे कण उघडे पडतात, काळवंडतात आणि जागा ढगाळ दिसते.

पृष्ठभाग कडक झालाय पण लाटा राहिल्यात: पकड शाबूत असेल तरच १५०० पासून पेपर मारून लाटा सपाट करता येतात. पकड तपासायला मास्किंग टेपची पट्टी घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला तर पुढच्या परिच्छेदाकडे या.

पापुद्रे सुटलेत, पत्रा दिसतोय: इथे अर्धवट काही करून उपयोग नाही. सुटलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने काढा. दिसणाऱ्या नुकसानीच्या बाहेर आणखी तीन-चार बोटं जा, कारण द्रव पापुद्र्याखालून आडवा सरकलेला असतो आणि वरून धडधाकट दिसणारी कड आतून सुटलेली असते. मग कडा उतरत्या करा, म्हणजे प्रत्येक थर पायरीसारखा न राहता हळूहळू पातळ होत पत्र्याला मिळाला पाहिजे. बरोबर उतरलेल्या कडेवर थरांची वर्तुळं दिसतात: वरचा रंग, खालचा जुना रंग, प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर देतात तो थर), पत्रा. गाडीचा इतिहास वाचायचा असेल तर एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही. १९६० ची लाल गाडी मुळात फिकट निळी होती हे बऱ्याच मालकांना असंच कळतं.

एक इशारा. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिशाची संयुगं सर्रास असत. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला घासा, मास्क लावा, गाळ कागदावर गोळा करा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

पुन्हा रंगवताना काम बिघडतं ते कुठे

बहुतेक वेळा सफाईच्या क्रमात. लोक आधी घासतात आणि मग पुसतात. क्रम उलटा हवा. पृष्ठभागावर ऑइल, मेण किंवा ब्रेक ऑइलचा अंश असताना पेपर मारला तर तो अंश ओरखड्यांच्या आत भरला जातो आणि मग निघत नाही. आधी साबण-पाणी, कारण ब्रेक ऑइल पाण्यात जातं. वाळल्यावर मेण आणि ग्रीस काढणारं द्रावक, कारण ऑइल पाण्यात जात नाही. ते एका कापडाने ओलं लावायचं आणि उडून जाण्याआधी दुसऱ्या स्वच्छ कापडाने कोरडं पुसून घ्यायचं. नुसतं उडू दिलं तर विरघळलेली घाण तिथेच परत बसते. यानंतर पेपर, आणि पेपरनंतर ही द्रावकाची सफाई पुन्हा एकदा.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि जुन्या थरांना नव्या रंगाच्या थिनरपासून आडही करतो. साध्या सरफेसर प्रायमरमधून (रंगाआधी सपाटी आणायला देतात तो थर) ओल आरपार जाते, त्यामुळे तो एकटा पत्र्यावर ठेवून महिनाभर थांबलात तर खाली गंज धरतो. खड्डे असतील तर लांबी इपॉक्सीवर, मग सरफेसर, मग लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर ४०० ते ६०० नंबरचा पेपर लावून सपाटी. लांबी पाणी पिते, म्हणून ती उघडी असताना ओला पेपर टाळा.

मग प्रश्न येतो कुठल्या रंगावर कुठला रंग. एनॅमलवर लॅकर मारू नका. लॅकरचा कडक थिनर एनॅमलच्या अर्धवट भाजलेल्या जाळ्यात शिरतो आणि ब्रेक ऑइलने केल्या त्याच सुरकुत्या तुमच्या स्वतःच्या हाताने तयार होतात. जुन्या धड लॅकरवर इपॉक्सीचा थर देऊन टू-पॅक चालतो. टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची फवार श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यावर चिडायला लागलं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्यावं. टू-पॅकच्या स्प्रे कॅनलाही हेच लागू.

लॅकरच्या गाडीला मात्र इथे एक मोठा फायदा मिळतो. ज्या कच्चेपणामुळे ब्रेक ऑइलने त्याची वाट लावली, त्याच कच्चेपणामुळे नवा लॅकर जुन्यात विरघळून एकजीव होतो. जोड राहतच नाही. तळहाताएवढी दुरुस्ती लॅकरमध्ये अशी करता येते की नंतर करणाऱ्यालाही शोधावी लागेल. टू-पॅकमध्ये नवा थर जुन्यावर नुसता बसतो. त्याची कड पॅनेलच्या मध्ये लपवणं कठीण, म्हणून रंग डागापुरता मारून क्लिअर कोट पूर्ण पॅनेलवर न्यावा लागतो. भाजलेल्या विटेला डागडुजी करता येत नाही, बदलावीच लागते.

कोड बरोबर, तरी छटा वेगळी का?

गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो आणि त्यावरून कारखान्याचं सूत्र मिळू शकतं. पण ते सूत्र गाडी नवी असतानाचं. चाळीस वर्षं उन्हात राहिलेली गाडी त्या छटेची राहिलेली नसते, आणि सगळीकडे सारखी उतरलेलीही नसते. छप्पर जास्त, दाराचा खालचा भाग कमी. म्हणून छटा जुळवण्याआधी शेजारची जागा पॉलिश करून मेलेला थर काढा आणि खाली जो रंग निघेल त्याच्याशी जुळवा. कार्डावर फवारून, पूर्ण वाळवून, पत्र्याशेजारी धरून उन्हात पाहा आणि सावलीतही पाहा. रंगद्रव्यं वेगळी असतील तर दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळे दिसतात आणि उन्हात अनोळखी.

सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घातलं तर कटकटच नको, नाही का?

डॉट ५ हे सिलिकॉनचं, बहुधा जांभळट असतं आणि रंगाला खात नाही, हे खरं आहे. (डॉट ५.१ नाव तसं असूनही ग्लायकॉलचंच, गल्लत करू नका.) काही महिने न हलणाऱ्या संग्रहातल्या गाडीत ते वापरणारे आहेत. पण केवळ रंगासाठी ते घालायला माझा विरोध आहे. ते पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी थेंब होऊन सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळच्या सिलिंडरांत, साचतं आणि तिथे गंज धरतो. त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, पेडल किंचित मऊ लागतं. ग्लायकॉलच्या ऑइलबरोबर ते मिसळत नाही, म्हणून बदलायचं तर सगळी यंत्रणा रिकामी करून साफ करावी लागते, शक्यतो रबरी सीलही नवे.

आणि ज्या रंगासाठी हा खटाटोप, त्याचंच पुढे नुकसान. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर रंग मारला की तो जागोजागी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंटर लोक सिलिकॉनला ब्रेक ऑइलपेक्षा जास्त घाबरतात, ते उगाच नव्हे.

त्यापेक्षा अख्खी गाडीच रंगवून टाकली तर?

गाडी आधीच दोनदा रंगवलेली असेल आणि रंग जागोजागी सुटत असेल, तर खुशाल. पण कारखान्यातला मूळ रंग असेल तर जरा थांबा. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची शिखर संघटना फिवा हिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोख हाच आहे की मूळ सामग्री शक्य तितकी जपावी, हस्तक्षेप कमीत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. बॉनेटखालचा हातभर डाग घालवण्यासाठी साठ वर्षांचा रंग उतरवणं मला तरी पटत नाही. मास्टर सिलिंडरखालचा डाग तेवढ्यापुरता नीट करा, आधीचे-नंतरचे फोटो ठेवा, कुठला रंग वापरला ते लिहून ठेवा. बॉनेटच्या वर, सगळ्यांना दिसेल असा डाग असेल तर निर्णय कठीण होतो, आणि तो मालकाने स्वतःच घ्यायचा.

गळती

रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी द्रव आला कुठून हे शोधलेलं असावं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मागच्या सीलमधून गळत असेल तर ओघळ फायरवॉलवर किंवा आत पेडलच्या दांड्यावर दिसतो. पेडलजवळचं मॅटिंग उचलून बोट फिरवा. क्लचचा मास्टर सिलिंडर विसरू नका, हायड्रॉलिक क्लच असेल तर त्यातही हाच द्रव असतो. टाकीच्या झाकणाखालची वॉशर कडक झाली असेल तर वळणावर द्रव हिंदकळून बाहेर येतो. टाकी काठोकाठ भरली तरी तेच होतं, म्हणून खुणेच्या वर भरू नये.

ब्रेकचं काम करताना मडगार्डवर जुनी चादर टाकायची सवय अनेकांना असते. टूल्सच्या ओरखड्यांपासून ती वाचवते, पण तिच्यावर पडलेलं ब्रेक ऑइल ती पिते आणि संध्याकाळपर्यंत रंगाला चिकटवून ठेवते. चादरीखाली प्लास्टिकचा जाड कागद हवा, आणि ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, सुरू करण्याआधी पाण्याची भरलेली बादली हाताशी.